मालवणचे प्रवाळ आणि मालवणची माणसे

भारतात सागरी राष्ट्रीय उद्याने मोजकीच आहेत. कच्छच्या आखातातील उद्यान १९८२ सालचे, अंदमानातील वांडूरचे १९८३ सालचे आणि तमिळनाडूतील मन्नारच्या आखाताचे १९८६ सालचे. महाराष्ट्रात असे राष्ट्रीय उद्यान नाही. मात्र १९८७ साली घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य आहे. भूगोल विषयाच्या अभ्यास-सहलीच्या निमित्ताने आम्ही गेल्या जानेवारीत पनवेलहून कोकण रेल्वेने कुडाळला आणि तेथून एस.टी.ने मालवणला गेलो. तेथे जे पाहिले व ऐकले, त्यावरून समुद्राचे रक्षण कोणी आणि कोणाला विश्वासात घेऊन करावयाचे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटू लागला.

प्रथम प्रवाळाविषयी थोडे. सोनाराकडे मिळते ते तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. मालवणचे प्रवाळ त्याचे दूरचे नातलग होत. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ती असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. हे प्राणी आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा रचतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात व सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून आपल्या यजमानाला पोसतात. म्हणून प्रवाळाला उथळ, उबदार व स्वच्छ पाणी आणि बूड टेकावयास कठीण खडक लागतो.

आपल्या वाशी-ऐरोलीच्या खाडीत प्रवाळ का नाही, याचे उत्तर यातच आहे. तेथे तळाशी गाळ आणि पाणी गढूळ. त्या चिखलात कांदळवन फोफावते, रोहित पक्षी उतरतात. म्हणूनच तो भाग २०१५ साली रोहित अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत गेला. एकाच किनाऱ्याची ही दोन भिन्न रूपे आहेत.

मालवणचे अभयारण्य सुमारे २९ चौरस किलोमीटरचे असून त्यातील सुमारे ३ चौरस किलोमीटर हा गाभ्याचा भाग आहे. सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या भोवतालचे पाणी त्यात येते. ज्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली किल्ल्याचा पाया घातला, त्याच बेटालगतच्या खडकांवर हे प्रवाळ वाढतात. लक्षद्वीपसारख्या विस्तीर्ण प्रवाळभिंती येथे नाहीत. काचेचा मुखवटा लावून पाण्यात डोके घातल्यावर दिसले ते मेंदूसारख्या वळ्यांचे गोल गोळे, फिकट पिवळे आणि तपकिरी, आणि त्यांच्या आडोशाला पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे. हा आडोसा म्हणजे माशांच्या पिलांचे पाळणाघरच होय. प्रवाळ टिकला तर मासा टिकतो, आणि मासा टिकला तर कोळी.

असे असूनही येथील मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला. आम्हांला नेणाऱ्या होडीवाल्या काकांना मी हद्दीविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "माशाक काय हद्द ठावक असता, बाय?" त्या हसण्यात थोडा रागही होता. पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणाऱ्या गाबीत समाजाला आपलाच समुद्र आपल्याला बंद होईल ही धास्ती वाटली. 'अभय' प्रवाळाला मिळाले आणि भय माणसांच्या वाट्याला आले, असेच म्हणावे लागेल.

कायद्याचा इतिहास पाहिला की ही धास्ती निराधार वाटत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. प्रादेशिक समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी, ही अट त्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षे आधीची! कागद आधी आला आणि माणसांचा विचार मागून.

यावर मार्ग नाही असे नाही. साध्या जाळ्याचा शंकरपाळ्यासारखा आस ओढ बसताच मिटतो व पिले आत अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो व पिले निसटतात. अशी जाळी सिंधुदुर्गात वापरून पाहण्यात आली आहेत. पर्यटकांच्या होड्यांनी प्रवाळावर नांगर न टाकता कायमच्या बोयाला दोर बांधावा, पोहणाऱ्याने प्रवाळावर पाय ठेवू नये, हेही अवघड नाही. पण हे नियम पाळावयाचे तर ते रोज समुद्रावर असणाऱ्या माणसांनाच आपले वाटले पाहिजेत.

वेळ मात्र फार नाही. पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळातील शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभर हे घडले. २०२४ साली शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. तापमानाला मालवणचा मच्छीमार एकटा आवर घालू शकत नाही. परंतु नांगर, जाळे आणि कचरा यांचे घाव टळले, तर तापलेल्या पाण्यातून सावरण्यास प्रवाळाला अवसर मिळेल. त्या कामी पहिला पहारेकरी होडीवाले काकाच होऊ शकतात. मात्र त्यासाठी हद्दीची रेघ त्यांना बरोबर घेऊन आखली गेली पाहिजे.