माशांचा थवा ओळखा, मगच जाळे टाका

पावसाळा सरून नदी निवळली, म्हणजे सारोळे येथे नीरेच्या काठावर क्षणभर स्तब्ध उभे राहावे. प्रथम नुसते पाणी दिसते. मग त्यात हलणारे थवे दिसू लागतात. सर्व थवे एकाच जातीचे नसतात आणि सर्वच धरावयाचे नसतात. म्हणून ते ओळखण्याची सवय प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने व शेतकऱ्याने करून घ्यावी.

ओळखताना तीन गोष्टी पाहाव्यात: थवा पाण्याच्या कोणत्या थरात आहे, अंगाचा घाट कसा आहे आणि तोंड कोणीकडे वळलेले आहे.

अळकुट अगदी वरच्या थरात पोहते. अंग लांबट, चपटे व चांदीसारखे असते. पोटाची कड सुरीच्या धारेसारखी असते. पाण्यावर पडलेले किडे ती टिपते, म्हणून तिचे तोंड वर कललेले असते. खवलीचा थवा त्याच्या खाली, मधल्या थरात असतो. तिचे अंग रुंद व खवले मोठे असतात. पुष्कळ खवल्यांच्या शेपटीजवळ काळा ठिपका असतो. फेक हा मासा फार चपटा व उंच असतो. त्याचे खवले बारीक आणि पोटाखालचा मागील पर लांब असतो. खळखळत्या पाण्यात, खडकाजवळ खडसाची पिले थव्याने राहतात. मोठे खवले व तोंडाजवळच्या मिशा ही त्यांची खूण होय.

गावोगाव नावे बदलतात, परंतु ती टाकाऊ समजू नयेत. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा खडशीवरून ‘खुद्री’ व कोळशीवरून ‘कोलस’ ही नावे शास्त्रात गेली. नदीकाठच्या माणसांचे ज्ञान शास्त्राच्याही उपयोगी पडले, ते असे.

आता न धरावयाच्या थव्याविषयी. लहानपणी आम्ही मुले गळाला गांडूळ लावून तासन्‌तास काठावर बसत असू. एका श्रावणात कडेच्या गवतात तांबूस पिलांचा गोळा तरंगताना दिसला. तो मधूनमधून वर येई व पुन्हा खाली जाई. आम्ही पंचाची झोळी करून सारा गोळा उचलला आणि घागरीत भरून घरी नेला. सकाळपर्यंत एकही पिलू जगले नाही. आजोबांनी घागरीत डोकावून एवढेच विचारले, “यांची आई कुठे होती, पाहिलेत का?” आम्ही पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेलो, तर त्याच गवताजवळ एक मोठी मरळ घिरट्या घालीत होती.

मरळ आपल्या पिलांची राखण करते. पिले हवा घेण्यासाठी वर येतात आणि मोठा मासा खाली पहारा करतो. त्यास मारले, तर राखण गेल्यामुळे इतर मासे पिलांचा फडशा पाडतात. म्हणून तांबूस गोळा दिसला, की तेथे गळ किंवा जाळे टाकू नये.

हीच गोष्ट चढणीच्या माशांची. मृगाच्या नव्या पाण्याबरोबर ओढ्यांतून वर चढणारे थवे अंडी घालावयास निघालेले असतात. ओढ्याचे तोंड अडवून ते सारे धरणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळून खाणे होय.

तेव्हा पुढील नियम पाळावेत:

१. बारीक आसाचे जाळे वापरू नये; पिले निसटून जातील एवढा आस असावा.

२. चढणीच्या दिवसांत ओढ्यात माशांना वाट मोकळी ठेवावी.

३. सुरुंग किंवा विष कदापि वापरू नये. १८९७ च्या कायद्यानेच त्यास मनाई केली होती. त्याने लहानमोठे सारेच मासे मरतात व पाणीही नासते.

ग्रामकार्यकर्त्यांनी शाळेतील मुलांना एकदा नदीकाठी न्यावे आणि थवे दाखवावेत. मुलांनी अळकुटीसाठी गळ जरूर टाकावा. मात्र तांबूस गोळा दिसताच गळ गुंडाळून चार पावले मागे सरावे.