पाहुण्यांच्या ताटातला बटाटा

बटाटा माहीत नाही असे घर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात सापडणार नाही. एकादशीला बटाटा. पोरांच्या डब्यात बटाटा. पाऊस लांबला, भाजीपाला महागला, की रोज बटाटा. पण घरी पाहुणे येणार म्हटले, की हाच बटाटा मागे सारला जातो. "पाहुण्यांपुढं काय बटाटा ठेवायचा?" असे घरची वडीलधारी माणसे विचारतात. मग दुकानातून काहीतरी भारी आणावे लागते. पैसे नसले तर उधार आणावे लागते.

पारनेर तालुक्यातल्या एका गावी आम्ही रात्रीचा वर्ग घेत होतो. एके दिवशी वर्गातल्या एक बाई वही न उघडताच बसून राहिल्या. त्यांच्या मुलीला पाहायला रविवारी सहा माणसे येणार होती. आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, पुरणपोळी करीन. डाळ-गूळ घरात हाय. पण सासूबाई म्हणत्यात, ताटात एखादी भारी भाजी पाहिजे, पनीर आण. आता पनीर आणायचं म्हंजी दुकानदाराच्या वहीत लिहायचं. मागचंच फिटलं नाही अजून."

"घरात काय आहे?" आम्ही विचारले.

"काय असणार? बटाटं हायेत."

त्या रात्री आम्ही फळ्यावर जो धडा लिहिला, तो हाच.

बटाटा हलका आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला सांगावे की हा बटाटा फार दूरचा पाहुणा आहे. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथल्या उंच डोंगरांत हजारो वर्षांपासून बटाटा पिकतो. आपल्या किनाऱ्यावर तो पोर्तुगीज लोकांनी आणला. 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. म्हणून आपण बटाटा म्हणतो आणि उत्तरेकडचे लोक आलू म्हणतात. आता तर शेजारच्या पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर, पावसाळ्यात शिवारेच्या शिवारे बटाट्याची असतात. मंचरच्या बाजारात तो माल येतो.

भाजलेला बटाटाही आपल्याला नवा नाही. हुरड्याची आगटी विझत आली, की गरम राखेत बटाटा, रताळे, वांगे पुरून ठेवायचे. साल काळी होते, आतला गर लोण्यासारखा होतो. शेतात बसून खायला त्याच्यासारखे काही नाही. पण राखेने माखलेला बटाटा पाहुण्यांच्या ताटात कसा वाढणार? तो देखणा हवा. यासाठी कापण्याची एक रीत आहे. युरोपात स्वीडन नावाचा थंड देश आहे. त्याच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये, हॅसेलबॅकेन नावाचे उपाहारगृह आहे. त्याचेच नाव या रीतीच्या बटाट्याला पडले आहे. आपण त्याला पंख्याचा बटाटा म्हणू. कारण भाजल्यावर तो हातपंख्यासारखा उलगडतो.

माणशी एक बटाटा आणि वर दोन, असा हिशेब धरावा. बटाटे एकसारखे घ्यावेत. किलोत आठ-दहा बसतील एवढे, थोडे लांबट. एक मोठा आणि एक लहान घेतला, तर लहान करपतो आणि मोठा कच्चा राहतो. हिरवट पडलेला बटाटा घेऊ नये. बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा पडतो आणि त्यात विषारी द्रव्य वाढते. ते शिजवूनही जात नाही. मोड फुटून सुरकुतलेला बटाटाही नको. साल काढायची नाही. माती निघेपर्यंत चोळून धुवावा.

आता कापणे. सगळी करामत इथेच आहे. विळीवर हे काम जमत नाही. विळीवर आपण बटाटा पात्यावर ढकलतो, मग थांबायचे कुठे ते हाताला कळत नाही. सुरी घ्यावी, धारेची. बटाटा पाटावर आडवा ठेवावा. त्याच्या दोन्ही अंगांना लांबीने दोन उलथन्यांचे दांडे ठेवावेत. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभे काप पाडत जावे. सुरी दांड्यांना टेकली की थांबते. त्यामुळे काप वर सुटे होतात आणि खाली एकमेकांना जोडलेले राहतात. दोन नाणी एकावर एक ठेवली की जेवढी जाडी होते, तेवढा एक काप असावा. घाई करू नये. एखादा बटाटा तुटेलच. तो बाजूला ठेवावा, रस्सा भाजीत जातो.

कापलेले बटाटे दहा मिनिटे गार पाण्यात बुडवून ठेवावेत. पाणी गढूळ होते ते पिठूळ सत्त्वामुळे. ते निघून गेले की काप एकमेकांना चिकटत नाहीत. मग बटाटे फडक्याने अगदी कोरडे पुसावेत. ओला बटाटा नुसता वाफेवर शिजतो, खरपूस होत नाही. पुसून झाल्यावर तेल आणि मीठ चोळावे. कापांच्या आतही बोटाने तेल लावावे.

भट्टी नाही म्हणून अडू नये. आपल्या आज्या नानकटाई कशी करीत? जाड बुडाच्या पातेल्यात वाळू, आणि खाली-वर विस्तव. तेच इथे करायचे. पातेल्यात दोन बोटे कोरडी, चाळलेली वाळू घालावी. वर जड झाकण ठेवून वाळू चांगली तापू द्यावी. मग वाळूवर लोखंडी किंवा पितळेची ताटली ठेवून तिच्यात बटाटे मांडावेत, काप वर करून. झाकण लावावे. चुलीतला जाळ कमी करावा आणि झाकणावर निखारे पसरावेत. खाली मंद, वर जास्त, हे ध्यानात ठेवावे. खालची आच बटाटा शिजवते, वरची आच त्याला रंग देते.

आम्ही पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा उलटे केले होते. खाली मोठा जाळ आणि वर चार निखारे. बटाट्याची बुडे कोळशासारखी झाली आणि वरचे काप पांढरेफटक राहिले. शिवाय लसूण आधीच घातला होता, तो कडू झाला. वर्गातल्या बायांनी तरी खाल्ले. एक आजी म्हणाल्या, "बायांनो, शिकल्या-सवरल्या तुम्ही, पण चुलीपाशी कच्च्याच."

म्हणून मसाला आधी घालू नये. अर्धा तास झाला की झाकण काढून पाहावे. काप सुटू लागलेले दिसतील. आता मसाला घालायचा. आठ बटाट्यांना चार चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, दोन चमचे भाजलेले सुके खोबरे, आठ पाकळ्या लसूण, एक चमचा तिखट, अर्धा चमचा जिरे आणि मीठ. हे सारे खलबत्त्यात कुटावे आणि दोन-तीन चमचे तेलात कालवावे. चमच्याच्या टोकाने ते कापांच्या फटींत भरावे. मग पुन्हा झाकण, पुन्हा ताजे निखारे. आणखी अर्धा-पाऊण तास लागतो. काडी टोचून पाहावी. सहज आत गेली आणि कडा तांबूस, कुरकुरीत झाल्या, की बटाटा झाला.

निखाऱ्यांचे काम मोकळ्या जागी करावे, अंगणात किंवा पडवीत. दार-खिडकी लावून खोलीत विस्तव ठेवू नये. कोळशाच्या धुगधुगीतून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच दगावतो. पातेल्यातली वाळूही उशिरापर्यंत गरम राहते. पोरांना लांब ठेवावे.

घरी गॅस असेल तर हेच पातेले बारीक आचेवर ठेवावे. वर निखारे नसल्यामुळे रंग येत नाही, एवढेच. त्याला उपाय आहे. शिजलेला बटाटा शेवटी लोखंडी तव्यावर थोड्या तेलात उलटा ठेवून पाच मिनिटे परतावा. उपासाला करायचा तर लसूण वगळावा, तेलाऐवजी तूप घ्यावे, आणि तिखटाऐवजी हिरवी मिरची व जिरे वाटून घालावे.

रविवारी त्या बाईंनी सहा पाहुण्यांना आठ बटाटे केले. ताटात डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे कटाच्या आमटीशेजारी एकेक अख्खा बटाटा, पंखा उलगडलेला, वर कोथिंबीर. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. मुलाच्या आत्याबाईंनी बटाटा उचलून खालून पाहिला, वरून पाहिला. मग विचारले, "बाई, हे कापलंय कशानं?"

"सुरीनं. आन् दोन उलथन्यांच्या दांड्यांनी," बाई म्हणाल्या.

उरलेले दोनही बटाटे आत्याबाईंच्याच ताटात गेले. सोयरीक त्या दिवशी ठरली नाही. मंडळी "कळवतो" म्हणून उठली, जशी नेहमी उठतात. पण दुकानदाराच्या वहीत नवी ओळ पडली नव्हती. निघताना आत्याबाई म्हणाल्या, "हे मला लिहून द्या." घरात लिहिणारी मुलगी होती, पण ती आत बसलेली. मग बाईंनीच वहीचे पान फाडले आणि ओट्यावर बसून लिहायला घेतले. पाहुण्यांची गाडी तेवढा वेळ थांबली. 'निखारे' हा शब्द त्यांनी 'निकारे' असा लिहिला, हे आम्हाला त्यांनीच सोमवारी वर्गात सांगितले. तो शब्द आम्ही फळ्यावर पुन्हा दहा वेळा लिहून घेतला.