संघर्षाची झळ बसलेलं मूल आणि आपला वर्ग



काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गाला मी निबंध दिला : ‘माझे बाबा’. एका मुलाने तारीख आणि शीर्षक लिहिलं, बाकी पान कोरं. मी सगळ्यांसमोर विचारलं, “काय रे, बाबांवर चार ओळीही सुचत नाहीत?” त्याने मान खाली घातली. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, “सर, त्याचे बाबा नाही ना जी. रात्री घरून नेलं होतं त्यांना.”

चूक माझी होती. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आपल्या वर्गात कोण बसतं?

युद्ध आणि निर्वासित म्हटलं की आपल्याला युक्रेन, गाझा आठवतात. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात १९८० च्या दशकापासून नक्षलवादी आणि पोलीस यांचा संघर्ष चालत आला. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेले. कितीतरी गावकरी ‘खबरी’ ठरवून मारले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ नेत्याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. बंदुका कमी होत आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण मनातली भीती इतक्या लवकर जात नाही.

चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेली आणि इथे वसवलेली बंगाली कुटुंबंही आहेत. घर सुटल्याचं दुःख त्या आजी-आजोबांनी सोबत आणलं.

म्हणजे पोलिसाचा मुलगा, मारल्या गेलेल्या गावकऱ्याची मुलगी आणि आत्मसमर्पण केलेल्याचं मूल एकाच बाकावर बसू शकतं. म्हणून वर्गात “अमक्याच्या घरचे तसलेच” असा एक शब्दही नको. मुलाने काहीच केलेलं नसतं.

मूल सांगत नाही, पण दाखवतं

- फटाक्याच्या किंवा हेलिकॉप्टरच्या आवाजाने दचकणं
- झोप न लागणं, अंथरूण ओलं करणं
- डॉक्टरांना कारण सापडत नाही अशी पोटदुखी, डोकेदुखी
- एकदम गप्प होणं किंवा उगाच मारामारी करणं
- अभ्यासात लक्ष न लागणं

यातलं एखादं दिसलं म्हणजे मूल आजारी आहे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागात साधारण पाचांपैकी एकाला मानसिक आजार असतो. बाकीचे बहुतेक जण सुरक्षितता, रोजचा ठरलेला क्रम आणि मायेची माणसं मिळाली की हळूहळू सावरतात. आणि या तिन्ही गोष्टी शाळा देऊ शकते, बरं का!

आपण काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत तीन सोप्या पायऱ्या आहेत.

१. पाहा : कोणाला धोका आहे, कोण जेवत नाही, कोण एकटं बसतं.

२. ऐका : “काय झालं ते सांग” असं खोदून विचारू नका. नुसतं जवळ बसा. मूल बोललं तर माडिया, गोंडी, बंगाली, ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोलू द्या. आपल्याला कळत नसेल तर त्याच्या विश्वासाचं मोठं माणूस सोबत घ्या. ऐकलेलं स्टाफरूममध्ये सांगत बसू नका.

३. जोडून द्या : त्रास महिनाभरानंतरही कमी झाला नाही किंवा मूल मरणाच्या गोष्टी बोलू लागलं, तर घरच्या घरी उपाय नकोत. मरणाची भाषा असेल तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात न्या. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि २४ तास चालतो. मुलाला कुणाकडून धोका असेल तर १०९८.

पालकांना एवढंच सांगणं : “विसर आता” म्हणू नका. “मी आहे तुझ्याजवळ” म्हणा. आणि घडलेल्या प्रसंगाचे व्हिडिओ मुलांसमोर मोबाईलवर लावू नका.

करून पाहा

निबंधाच्या विषयांची यादी आज एकदा काढा. ‘माझे बाबा’, ‘माझे कुटुंब’ यांच्यासोबत एखादा मोकळा विषय ठेवा, निवड मुलाला करू द्या. मी नंतर ‘मला आवडणारं माणूस’ असा विषय दिला. त्या मुलाने आजीवर दीड पान लिहिलं, पहाटे तिच्यासोबत मोहफुलं वेचायला जातो त्याबद्दल. बाबांचा उल्लेख त्यात नव्हता. मीही विचारलं नाही.