‘पे नाऊ’च्या बटणामागे

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. विषय मात्र सगळ्यांच्या कामाचा आहे.

अंबाजोगाईत माझी मावशी शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचे पापड करून विकते. सुट्टीत मी तिला ऑनलाइन दुकान बनवून दिलं. पैसे भरण्याच्या पानावर मिळतील तेवढी वॉलेटची बटणं लावली. वाटलं, जेवढे पर्याय तेवढे गिऱ्हाईक. हे गणित चुकलं.

आधी फरक समजून घेऊ. वॉलेट म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचा बटवा. पैसे आपल्या बँकेतून निघून वॉलेट कंपनीकडे जमा राहतात. एनपीसीआयने २०१६ साली आणलेल्या यूपीआयमध्ये मात्र ते एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात जातात. बऱ्याच ॲपमध्ये दोन्ही सोयी असतात, म्हणून आपला गोंधळ होतो.

पर्याय निवडताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, खर्च किती? १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे कमिशन, माफ झालं. वॉलेटवर मात्र ते द्यावं लागतं. समजा, गेटवे कंपनी २ टक्के घेते. १५० रुपयांच्या पाकिटावर ३ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४ पैसे. मावशीला पाकिटामागे सुटतात १५ रुपये. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गेला! यूपीआयवरही गेटवे आपली वेगळी फी लावू शकतो, म्हणून करार नीट वाचा.

दुसरा, उद्या तो पर्याय बंद पडला तर? रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला १५ मार्च २०२४ नंतर वॉलेटमध्ये नवे पैसे घ्यायला मनाई केली. नोटाबंदीनंतर गल्लोगल्ली पोचलेलं नाव ते! एकाच वॉलेटवर विसंबून राहू नये ते यासाठी.

तिसरा, पैसे मध्येच अडकले तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. दिवाळीत पुण्याच्या एका ताईंचे ४५० रुपये कापले गेले, ऑर्डर मात्र दिसेना. मावशीचा फोन आला, “अगं, लोकं मला चोर म्हणायलेत. बंद कर ते दुकान!” फार वाईट वाटलं. चूक माझ्याच प्रोग्रामची होती. गिऱ्हाईक पैसे भरून आमच्या पानावर परत आलं, तरच ऑर्डर नोंदली जायची. ताईंची रेंज नेमकी तेव्हाच गेली. खरं तर गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला परस्पर निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो निरोप खरा आहे का हे तपासून ऑर्डर नोंदवायची. गिऱ्हाईकाच्या स्क्रीनशॉटवर मुळीच नाही.

एक नियमही लक्षात ठेवा. कापलेल्या पैशाचा निरोप दुकानापर्यंत पोचलाच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयचे पैसे ५ दिवसांत आणि वॉलेटचे दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

आता मावशीच्या दुकानात तीनच पर्याय आहेत : यूपीआय, कार्ड आणि कॅश ऑन डिलिव्हरी. केवायसी पूर्ण झालेलं वॉलेट यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे ते वापरणारेही अडत नाहीत. त्या ताईंना पार्सल गेलं, सोबत चटणीचं एक पाकीट जास्तीचं. या महिन्यात त्यांची पुन्हा ऑर्डर आली.

तर मित्रांनो, प्रोजेक्टमध्ये बटण लावायला पाच मिनिटं लागतात. पण त्यामागे कुणाच्या तरी घामाचा पैसा असतो, हे विसरू नका!