संगणकाचे मोफत अपग्रेड : घ्यावे की नाकारावे?

'धर्माची गाय आणि दात का गं नाय' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढणाऱ्याची थट्टा करणारी ही म्हण संगणक वापरणाऱ्याला मात्र कधी ना कधी उलटी करून वाचावी लागते. एके दिवशी पडद्यावर सूचना येते : तुमची कार्यप्रणाली जुनी झाली आहे, नवी विनामूल्य मिळेल, घेता का? आणि ही सूचना बहुधा प्रबंधाचे शेवटचे प्रकरण टंकित होत असतानाच येते! अशा वेळी गाईचे दात मोजावेत की मुकाट्याने दावे हाती घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे काय ते पाहू. महाविद्यालयात वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा सारे काही असते. परंतु कोणती खोली कोणाला, किल्ली कोणाकडे, नोंद कोठे, हे कार्यालय ठरविते. संगणकात हेच काम कार्यप्रणाली करते. लेखनाचे सॉफ्टवेअर, छपाईयंत्र, साठविलेल्या फाइली या सर्वांचा व्यवहार तिच्यामार्फत चालतो. या कार्यालयाच्या खिडकीची मोडलेली कडी दुरुस्त करणे म्हणजे 'अपडेट', आणि सारे कार्यालयच नव्या इमारतीत हलविणे म्हणजे 'अपग्रेड'. या दोन शब्दांची गल्लत झाल्यामुळे पुष्कळांचे नुकसान झाले आहे.

मोफत अपग्रेडचे सर्वांत गाजलेले उदाहरण मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज १० चे होय. २९ जुलै २०१५ रोजी ही प्रणाली बाजारात आली, आणि विंडोज ७ व ८.१ च्या अधिकृत ग्राहकांना एक वर्षपर्यंत ती विनामूल्य देऊ केली गेली. पूर्वी ज्या वस्तूला दाम मोजावे लागत, ती फुकट का? कंपनीच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. दहा प्रकारच्या जुन्या प्रणाली सांभाळण्यापेक्षा सर्व ग्राहक एकाच प्रणालीवर असणे स्वस्त पडते. शिवाय त्या प्रणालीतून कंपनीचे दुकान, शोधसेवा व साठवणसेवा ग्राहकाच्या पडद्यावर पोहोचतात. यात गैर काही नाही. मात्र देणाऱ्याचाही लाभ असलेल्या व्यवहाराला दान म्हणता येत नाही. तो सौदा होय, आणि सौद्यात दात मोजणे हा घेणाऱ्याचा हक्कच आहे.

हा हक्क २०१६ साली डावलला गेला. त्या वर्षीच्या मे महिन्यात अपग्रेडची सूचना अशा रीतीने दाखविली जाऊ लागली की, कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारून ती बंद केली तरी ठरलेल्या वेळी अपग्रेड होणारच. फुली म्हणजे 'नको' असे वर्षानुवर्षे शिकलेल्या माणसाची फुली येथे 'होय' म्हणून मोजली गेली. टीका झाल्यावर कंपनीने ही पद्धत बदलली आणि नकाराचा स्पष्ट पर्याय दिला. आपण मर्यादा ओलांडली होती, हे तिच्या विपणनप्रमुखांनी पुढे डिसेंबर २०१६ मध्ये मान्य केले. कॅलिफोर्नियातील एका प्रवास-व्यावसायिक महिलेने, न मागितलेल्या अपग्रेडमुळे कामाचा संगणक निकामी झाला म्हणून दावा लावला आणि तिला १०,००० डॉलर मिळाले. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगानेही जुलै २०१६ मध्ये, विंडोज १० वापरणाऱ्यांची माहिती गरजेपेक्षा अधिक गोळा होते, अशी नोटीस कंपनीला दिली. कंपनीने सुधारणा केल्यावर जून २०१७ मध्ये ते प्रकरण मिटले. रुपया न देता घेतलेल्या वस्तूची किंमत वेळ, माहिती व मनःशांती या रूपाने चुकवावी लागते, ती अशी.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग नाकारावे हेच बरे! परंतु नाकारण्यालाही किंमत असते. अपग्रेडच्या तगाद्याला कंटाळून काहींनी सर्वच अपडेट बंद करून टाकली होती. म्हणजे इमारत बदलायची नाही म्हणून खिडकीची कडीही दुरुस्त करू दिली नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू जगात पसरला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. फाइली कुलूपबंद करून तो ३०० डॉलरची खंडणी मागत असे. इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांना त्यामुळे रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. बाधित यंत्रांत विंडोज ७ चालविणारी यंत्रे सर्वाधिक होती, आणि या छिद्राची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच, त्या प्रणालीसाठी विनामूल्य दिली गेलेली होती! जुनी प्रणाली ठेवल्याने तेवढे बिघडले नव्हते. दुरुस्ती न घेतल्याने बिघडले.

यावरून निर्णयाची खरी कसोटी हाती येते. जोवर जुन्या प्रणालीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत आहेत, तोवर 'आत्ता नको' म्हणण्यास हरकत नाही. त्या थांबल्या की टाळाटाळ धोक्याची. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली, तर विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. नंतर घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत केवळ सुरक्षा-दुरुस्त्या देणारी योजना कंपनीने काढली, परंतु तिच्यासाठी वेगळी नोंदणी ठेवली.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेली विंडोज ११ हीसुद्धा विंडोज १० च्या ग्राहकांना मोफतच देऊ केली गेली; पण येथे गायच गोठा पाहून घेते. 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-व्यवस्था, ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि यादीतील प्रोसेसर अशा तिच्या अटी आहेत. साधारणपणे २०१७-१८ पूर्वीचे संगणक या अटींत बसत नाहीत. शिवाय ही प्रणाली केवळ ६४-बिट स्वरूपात आहे. ज्यांच्याकडे ३२-बिट विंडोज १० आहे, त्यांना थेट अपग्रेड करता येत नाही. सारे पुसून नव्याने बसवावे लागते.

आपल्यासारख्या कलाशाखेच्या मंडळींना येथे एक खास अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटांत टंकित होई, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तो फाँट नसेल तर जुने हस्तलिखित, शब्दसूची वा प्रबंध उघडल्यावर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. प्रणाली नव्याने बसविली की असे फाँट पुसले जातात. जुने टंकलेखन सॉफ्टवेअर किंवा छपाईयंत्र नव्या प्रणालीत चालेलच याची खात्री नसते. म्हणून अशा फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे हे काम अपग्रेडच्या आधीचे, नंतरचे नव्हे.

तेव्हा बटण दाबण्यापूर्वी स्वतःला पुढील चार प्रश्न विचारावेत :

१. माझ्या प्रणालीला सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार?
२. माझे यंत्र नव्या प्रणालीच्या अटींत बसते काय?
३. माझे रोजचे सॉफ्टवेअर, फाँट व छपाईयंत्र तिच्यात चालते काय?
४. माझ्या सर्व फाइलींची प्रत संगणकाबाहेर, दुसऱ्या ठिकाणी आहे काय?

समजा, एखाद्या विद्यार्थिनीचा प्रबंध तीन आठवड्यांनी सादर व्हावयाचा आहे आणि तिच्या प्रणालीची मुदत संपण्यास सहा महिने आहेत. तिने सूचना बाजूला सारावी, अपडेट मात्र चालू ठेवावीत, आणि प्रबंध दिल्यावर सुट्टीत अपग्रेड करावे. विंडोज ११ पसंत न पडल्यास पहिल्या दहा दिवसांत मागे फिरता येते, ही सवलतही ध्यानी ठेवावी. मुदत संपली आहे पण यंत्र अटींत बसत नाही, अशांनी लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीचा विचार करावा. तीत युनिकोड मराठी उत्तम चालते; विंडोजसाठी लिहिलेले जुने मराठी सॉफ्टवेअर मात्र बहुधा चालत नाही.

सारांश, वस्तू फुकट आहे हे ती घेण्याचे कारण नव्हे आणि नाकारण्याचेही नव्हे. आपले काम, आपले यंत्र आणि मुदतीची तारीख या तिन्हींचा मेळ घालून, आपल्या सवडीने दिलेला होकार हाच खरा होकार. गाय फुकटची असली तरी वैरण आपल्यालाच घालावी लागते. तेव्हा दात मोजण्यात संकोच कसला?