गाडी खाली बसवण्यापूर्वी

आमच्या चिरंजीवांनी आपल्या स्विफ्टला आखूड, कडक स्प्रिंगा बसवल्या. शॉकॲब्सॉर्बर जुनेच ठेवले. खर्च कमी म्हणून आम्हीही होकार दिला. कापडाचा पन्ना नि वजन पाहिल्याशिवाय आम्ही सौदा करीत नाही, इथे मात्र चुकलो. कडक स्प्रिंगेची उसळी आवरण्याचा भार शॉकॲब्सॉर्बरवर पडतो. आमचे सात महिन्यांत गळले. दुसऱ्यांदा खर्च झाला.

२०११ च्या स्विफ्टची जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर. ४० उतरवली तर उरते १३०. नियमातला गतिरोधकच १०० मिलिमीटर उंच, आणि आपल्याकडे नियमाने बांधतो कोण? त्यात चार माणसे व नमुन्यांची गाठोडी! रोज भिवंडी-मुंबई करणाऱ्याने स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर यांचा जुळता संचच घ्यावा, उंची जवळजवळ मूळचीच ठेवावी आणि बसवल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.