शेवंतीचा शेंडा कोणी खुडला?

बंगळुरातल्या चामराजपेटेत घराच्या परसात रानससा येत नाही. १८९२ मध्ये आखलेली ही पेठ. रस्ते सरळ, घराला घर लागून आणि घरांच्या पाठीमागे सफाईसाठी सोडलेल्या अरुंद गल्ल्या. सशाला मोकळे माळरान लागते, दिवसभर दबून बसायला गवताचा आडोसा लागतो. तो इथे कुठून यायचा? तरीही पावसाळा सरता सरता शेवंतीचे शेंडे गायब झाले की पहिला आळ सशावर येतो आणि दुकानदार देईल ते औषध झाडांवर मारले जाते. याच पेठेतल्या काही कुटुंबांनी मात्र कनकपुरा रस्त्याला, मागडी रस्त्याला किंवा नेलमंगलाच्या अंगाला जागा घेऊन ठेवली आहे. चार वाफे फुलांचे, दोन नारळ, एक बोअर आणि रविवारची फेरी असा तो संसार. तिथे ससा येतो, आणि एकदा वाट सापडली की रोज येतो. तेव्हा जाळी, फवारा, पिंजरा यांतले काहीही विकत घेण्याआधी खाणारा कोण ते ओळखा. औषधापेक्षा निदानातच पैसे वाचतात.

निदान सकाळी करायचे, पाणी घालायच्या आधी, कारण झारीने खुणा पुसल्या जातात. तुटलेला देठ जवळून पाहा. सशाचे वरचे-खालचे पुढचे दात पटाशीसारखे धारदार असतात, त्यामुळे त्याने खाल्लेला देठ तिरका आणि स्वच्छ कापलेला दिसतो. कोणी कात्रीने छाटून नेला असे वाटावे, इतका. काप जमिनीपासून फार तर दीड-दोन फुटांपर्यंत. त्याच्या वरचे शेंडे शाबूत. जवळपास वाटाण्याएवढ्या, गोल, थोड्या चपटलेल्या कोरड्या लेंड्या पडलेल्या असतात, आणि बोटांनी चुरडली तर आत नुसता गवताचा भुसा निघतो. गुरे किंवा शेळी शिरली असेल तर देठ ओढून तोडलेला, चिंध्या लोंबत असलेला दिसतो. घुशीचे काम निराळेच. ती वरचे पान सोडून खालून येते. रोप उभ्या उभ्या माना टाकते आणि हाताने उचलले तर मुळासकट हातात येते. शेजारी भुसभुशीत मातीचा ढीग आणि बीळ. पानांच्या कडा कुरतडून भोके पडली असतील आणि फरशीवर चकचकीत वाळलेला पट्टा असेल, तर ती गोगलगाय. कळ्या अर्धवट सोलून खाली टाकल्या असतील आणि कुंडीतली माती उकरली असेल, तर खार. फांदीच मोडून जास्वंदीची फुले चिंध्या करून विखुरलेली असतील, तर वानरसेना येऊन गेली; त्यासाठी तपास करावा लागत नाही, शेजारीपाजारी आपणहून सांगतात.

सशाचा उपद्रव नेमका पावसाळा सरल्यावर का वाढतो, हे समजून घेतले तर कामाचा क्रम आपोआप लागतो. बंगळुरात सप्टेंबर हा भरपूर पावसाचा महिना, ऑक्टोबरातही परतीच्या पावसाच्या सरी चालू असतात. तोवर माळावर ओले गवत मुबलक असते आणि सशाला तुमच्या वाफ्याची गरज नसते. नोव्हेंबरपासून गवत पिवळे पडू लागते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे भरते, भुईमुगाच्या शेंगांचे ढीग रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागतात. माळ वाळल्याची खूणगाठ बांधायला हा दिवस सोयीचा. (त्या जत्रेमागची दंतकथाही आपल्याच विषयाची आहे. रात्री येऊन शेंगा फस्त करणाऱ्या बैलाला कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी शेवटी त्याचे देऊळ बांधले आणि दरवर्षी पहिल्या शेंगा त्यालाच वाहायचे ठरवले. सशाच्या बाबतीत इतके पुढे जायचे कारण नाही.) गवत सुकले की सगळ्या माळावर हिरवे काय उरते? ठिबकाखालचा तुमचा वाफा. त्यात ऑक्टोबरात छाटलेल्या गुलाबाला दोन-तीन आठवड्यांत लालसर कोवळे कोंब फुटलेले असतात, अॅस्टरची रोपे नुकतीच जीव धरत असतात, आणि लालबागच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाच्या हुरुपाने आणलेली पिटुनिया, पान्सी, डायन्थसची रोपे तर सशाच्या अगदी आवडीची.

यावर खात्रीचा इलाज एकच, तारेची जाळी. बाकी सगळे तात्पुरते. पण जाळी म्हणून जे सर्रास लावले जाते त्यातले निम्मे वाया जाते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. हिरवी प्लास्टिकची जाळी घेऊ नका. ससा आणि घूस दोघेही ती एका रात्रीत कुरतडतात. जस्त चढवलेल्या तारेची, एक इंच भोकाची कोंबडीजाळी घ्या. दीड-दोन इंचांची स्वस्त पडते, पण तिच्यातून पिल्लू आरामात आत येते. रुंदी चार फुटांची मागा. चामराजपेटेतून सिल्व्हर ज्युबिली पार्क रस्ता हाकेच्या अंतरावर आहे, तिथल्या लोखंडी सामानाच्या दुकानांत हे गुंडाळे मिळतात. चार फुटांपैकी तीन फूट उभे राहू द्या आणि खालचा एक फूट काटकोनात वाकवून बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरवा. वाकवलेली पट्टी बागेच्या आत नाही, बाहेर. सशाची रीत अशी की तो कुंपणाच्या बुडाशी येऊन तिथेच फट शोधतो, मागे सरून विचार करत नाही. पायाखाली जाळी आली की त्याचे तिथेच संपते. पट्टीवर तारेचे आकडे ठोका, वर मूठभर माती आणि दगड टाका. महिन्याभरात गवत तिच्यातून वर येते आणि ती जमिनीला शिवल्यासारखी बसते. उड्या मारण्याची ख्याती असली तरी ससा कुंपणावरून सहसा जात नाही, खालून जाता येते का ते आधी पाहतो. तीन फूट पुरतात.

खांबांना सुरूचे वासे चालतात, बंगळुरात ते कुठेही मिळतात. सहा-सहा फुटांवर एक. दहा फूट बाय दहा फूट वाफ्याला चाळीस फूट जाळी लागते. पन्नास फुटांचा गुंडाळा घेतला की जोडावर एकावर एक चढवायला आणि फाटकाला उरते. खरी गोम फाटकात असते. कुंपण चोख आणि फाटकाखाली चार बोटे फट, असे वाफे पाहावे तितके. फाटकाखाली ग्रॅनाइटची पट्टी बसवा आणि फट एक इंचाच्या आत आणा. पाटाचे किंवा पाइपाचे तोंड जिथून आत येते तिथेही जाळीचा तुकडा गुंडाळा.

जाळी कधी लावायची? रोप लावायच्या आधी. इथे ऑस्ट्रेलियाची गोष्ट आठवावी. १८५९ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात शिकारीच्या हौसेपायी सोडलेले मूठभर ससे पन्नास वर्षांच्या आत खंडभर पसरले. त्यांना अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ मध्ये तीन कुंपणे घातली, सगळी मिळून ३,२५६ किलोमीटर. काम पुरे होईपर्यंत ससे कुंपणाच्या पलीकडे पोचलेही होते. तुमच्या वाफ्यात चार रात्री चरून गेलेला ससा जाळीभोवती हट्टाने फिरत राहतो. ज्याला वाफ्याची चवच लागलेली नाही, तो वळसा घालून निघून जातो.

आता फवारे. लसूण आणि हिरवी मिरची वाटून, गाळून, थोडा साबण घालून मारलेले पाणी उपयोगी पडते, पण दव आणि पाऊस यांनी ते धुऊन जाते, आणि नवे फुटलेले पान कोरेच राहते. म्हणजे आठवड्याला एकदा आणि प्रत्येक सरीनंतर पुन्हा. एका लिटर पाण्यात एक अंडे फेटून, गाळून मारले तर सशाला त्याचा कुजका वास अधिक नकोसा होतो. पण फुले देवाला जाणार असतील तर घरातली वडीलधारी माणसे हे चालू देणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. तिथे मिरचीवर भागवा, तीही कळ्यांवर न मारता पानांवर आणि देठांवर. माणसाचे केस, साबणाच्या वड्या, चमकत्या फिती, रात्री आपोआप लागणारे दिवे यांना ससा काही दिवसांतच सरावतो. जुन्या साड्यांचे कुंपण काही काळ काम देते, कारण पलीकडचे दिसत नाही आणि वाऱ्याने कापड हलते. साड्यांना आपल्या घरांत तोटाही नसतो. जाळी येईपर्यंत लावा. डांबराच्या गोळ्या मात्र बागेत टाकू नका. त्या विषारी आहेत, आणि लहान मुले त्या खाऊच्या गोळ्या समजून तोंडात घालतात.

कडेला कण्हेर, तगर, सदाफुली लावली की ससा येत नाही असे सांगतात. त्यात अर्धे तथ्य आहे. या झाडांना तो तोंड लावत नाही हे खरे, पण त्यांना वळसा घालून पलीकडची शेवंती खायला त्याची हरकत नसते. झेंडूचा वास त्याला चालत नाही हेही सांगोवांगी; कोवळा झेंडू तो खातो.

पेठेतल्या परसाकडे वळू. इथला मुख्य शत्रू घूस. मागच्या गल्ल्या, उघडी गटारे, जवळच तरगुपेटेची धान्याची गोदामे आणि कृष्णराजेंद्र मार्केट. तिची सगळी सोय जवळच आहे. निशिगंध, डेलिया, लिली यांचे कंद ती हुडकून काढते. त्यासाठी कंद लावतानाच अर्ध्या इंचाच्या वेल्डजाळीची टोपली करा, आत कंद आणि माती भरा आणि टोपलीसकट खड्ड्यात उतरवा. मुळे भोकांतून बाहेर जातात, घूस आत येत नाही. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का प्रज्वल’सारखी निशिगंधाची चांगली जात आणली असेल, तर टोपलीचा हा खर्च अजिबात जड वाटू नये. पिंजरा लावायचा तर आत तळलेला बोंडा किंवा भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा ठेवा. बीळ बुजवताना हातमोजे घाला, घुशीच्या मुताने दूषित झालेल्या ओल्या मातीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. झिंक फॉस्फाइडची पुडी घरबागेत नकोच. मेलेली घूस खाऊन मांजर दगावू शकते आणि जुन्या इमारतींच्या वळचणीला राहणारे गव्हाणी घुबडही. रात्री घुशी मारणारा तोच एक फुकट नोकर आपल्याकडे आहे.

आफ्रिकन गोगलगाय १८४७ मध्ये एका हौशी इंग्रजाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, तिथून ती देशभर पसरली. रात्री पपईची पाने ओल्या पोत्याखाली ठेवा, पहाटे पोते उचला, गोगलगाई हातमोज्याने वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ मातीवर टाकू नका. खारीसाठी कळीच्या दिवसांत कुंडीवर विरळ जाळी पुरते. माकडांवर या लेखात उपाय नाही. शेजारच्या गच्चीवर त्यांना केळी घालणे थांबले तर निम्मे काम होईल.

पाळलेला ससा हे पेठेतले नवे प्रकरण. मुलांच्या हट्टाने आणलेली जोडी गच्चीवर सुटली की कुंड्या रिकाम्या होतात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. वाळलेले गवत आणि हरळी समोर भरपूर असेल तर तो कुंड्यांकडे कमी वळतो. इथे बागेइतकीच सशाची काळजी घ्यावी लागते. कण्हेर त्याला मारक आहे, म्हणून ती कुंडी त्याच्या आवाक्यात नको. आणि नर-मादी एकत्र ठेवू नका. महिन्याला वेत होते. मग कंटाळून पिल्ले कुठल्यातरी बागेत किंवा माळावर सोडली जातात आणि भटकी कुत्री नाहीतर घारी दोन दिवसांत त्यांचा निकाल लावतात.

खाल्लेली झाडे उपटायची घाई करू नका. शेवंतीला कळी धरण्याआधी शेंडा गेला असेल तर नुकसान फारसे नाही. जाणकार माळीही शेंडा खुडतोच, म्हणजे बगलफुटी येऊन झाड भरते. हलके शेणखत द्या, पाणी सांभाळा. कळ्या आल्यावर शेंडा गेला तर मात्र यंदाची फुले गेली, कारण शेवंती दिवस लहान होताना कळी धरते आणि ती वेळ निघून गेलेली असते. गुलाब पुन्हा फुटतो. अॅस्टरचे रोप बुडाशी कापले गेले असेल तर त्या जागी नवे लावा, वाट पाहण्यात अर्थ नाही.

शेवटी कायद्याचे. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. फासा लावणे, मारणे, पकडून पाळणे, तिन्ही गुन्हे. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणे तर माणसाच्याही जिवावर बेतते. गवत काढताना कधी सशाचे पिल्लू सापडेल. डोळे उघडे, अंगावर पूर्ण लव, निपचित बसलेले. ते अनाथ नसते. आई दिवसभर दूर राहते आणि अंधार पडल्यावर एकदा येऊन दूध पाजते. तेवढा तुकडा न कापता सोडा, हात लावू नका, कुत्रा बांधून ठेवा. पिल्लू जखमी असेल तरच वनखात्याला किंवा केंगेरीजवळच्या पीपल फॉर अॅनिमल्सच्या वन्यप्राणी रुग्णालयाला कळवा. जाळी पुरी करायच्या आधी वाफ्यात असे पिल्लू आत अडकलेले नाही ना, हेही एकदा फिरून पाहा.